आफ्रिका पुन्हा शिकवताना

गावात गणिताच्या सरांना मान असतो. इंग्रजीच्या मॅडमना त्याहून थोडा जास्त. इतिहास-भूगोलाच्या बाईंना लोक लग्नाला आवर्जून बोलावतात, वाढताना आग्रहही करतात, पण आपलं लेकरू भूगोलात कसं आहे हे कुणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी हा विषय शिकवला. तेवढ्या काळात भूगोलाची शंका घेऊन शाळेत आलेले पालक म्हणजे एकटे दगडूनाना. आले ते थेट वर्गाच्या दारात उभे राहिले.

"बाई, आमचं पोरगं म्हनतं, पृथ्वी फिरती. मग माझी विहीर का सांडत न्हाई?"

मी मुलांना बाहेर काढलं, अर्धी बादली पाणी घेतलं आणि मैदानात गरागरा फिरवून दाखवली. दोन फेरे झकास झाले. तिसऱ्या फेऱ्याला हात सुटला आणि मी पदरापासून निऱ्यांपर्यंत भिजले. नाना शांतपणे म्हणाले, "विहीर न्हाई सांडली बाई, पर तुमी सांडल्या." खरं तर तो दाखला शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर नव्हता. पाणी विहिरीत राहतं ते गुरुत्वाकर्षणानं. पण नानांचं समाधान झालं आणि त्या वर्गातला एकही मुलगा पृथ्वीचं परिवलन पुढे विसरला नाही.

आमची शाळा नगर तालुक्यातल्या कोरडवाहू भागातली. नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. माझ्या तोंडातून अजून नगरच येतं. या धंद्याची गंमत अशी, की शिकवणारीनं जे पाहिलेलं नसतं तेच तिला शिकवायचं असतं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या नवव्या वर्षी, सहलीच्या मुलांबरोबर, आणि त्यांच्याइतक्याच जोरात ओरडले. मग वाळवंटं, हिमनद्या, दूरदूरचे लोक, हे सगळं आणायचं कुठून? काही जण वाचून आणतात. काही जण गाईडमधून आणतात. मी आधी पहिल्या प्रकारची होते, मग हळूहळू दुसऱ्या प्रकारची झाले. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

प्रत्येक खंडावर माझं एक टिपण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या गाईडवरून उतरवलेलं, पंधरा-वीस ओळींचं. मी फेऱ्या मारत सांगायची, मुलं लिहून घ्यायची. टिपण पाठ केलं की मार्क मिळायचे. मार्क मिळाले की हेडसर खूश आणि पालकही. चोवीस वर्षं ते टिपण असंच चाललं.

नऊएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवरे बाजारचं पाण्याचं काम पाहायला देशोदेशीची माणसं येतात. त्यांचं पाहून आमच्याही गावानं डोंगराला चर खोदले होते, बांध घातले होते. त्यामुळे कधीकधी पाहुण्यांची एखादी गाडी आमच्याकडेही वळायची. त्या वर्षी इथिओपियाहून शेतकरी आणि अधिकारी मिळून दहा जण आले. त्यांच्या प्रमुख होत्या आल्माझबाई. माती आणि पाणी अडवण्याच्या कामातल्या अधिकारी, वय पंचेचाळिशीचं, उंच, अंगावर पांढरं सुती वस्त्र. सोबत दुभाषे म्हणून आमचे कृषी सहायक शिंदे.

शाळेत स्वागत ठरलं. औक्षणाला मी आठवीची सोनाली निवडली. वर्गात पहिली येणारी, स्वच्छ बोलणारी, कशाला न घाबरणारी मुलगी. ती ताट घेऊन पुढे गेली, कुंकवाचं बोट उचललं आणि तशीच थांबली. मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"बाई, हात लावला तर काळं लागतं का?"

रांगच्या रांग खदखदून हसली. मागून कुणीतरी माकडासारखा आवाज काढला. मग तर शिक्षकांतलेही दोघेतिघे तोंड फिरवून हसले.

आल्माझबाईंनी शिंद्यांना इंग्रजीत विचारलं, "काय म्हणाली ती?"

शिंदे म्हणाले, "ती तुमचं स्वागत करते आहे."

आल्माझबाईंनी ताटातलं कुंकू स्वतःच्या बोटावर घेतलं, स्वतःच कपाळाला लावलं आणि पुढे चालू लागल्या. बांध पाहिले, चरांची खोली, बांधांची उंची मोजली, प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. निघताना शिक्षकांशी ओळख झाली, तेव्हा माझ्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय शिकवता?"

"भूगोल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर ते सोपं गेलं असतं.

गाडी गेल्यावर मी सोनालीला वर्गात बोलावलं. माझा हात शिवशिवत होता. "लाज नाही वाटली? कुठं शिकलीस हे?"

ती रडली नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं. "बाई, तुमीच सांगितलं हुतं," ती म्हणाली.

"मी?"

तिनं दप्तरातून भूगोलाची वही काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. सुवाच्य अक्षर, खाली पट्टीनं रेघ. 'आफ्रिका हे अंधारे खंड आहे. तेथील लोक काळेकुट्ट व मागासलेले असून जंगलात राहतात. ते अंधश्रद्धाळू व आळशी असतात.' आणि त्याखाली लाल शाईत बरोबरची खूण, माझी सही, आणि 'छान'.

मी ते तीनदा वाचलं. चोवीस वर्षं तोंडानं सांगत होते. डोळ्यांनी वाचलं ते त्या दिवशी. एका माणसालाही न भेटता मी अख्ख्या खंडाला आळशी ठरवलं होतं, आणि आळशी म्हणून हजारो किलोमीटरवरून कोण आलं होतं, तर आमचे बांध फूटपट्टीनं मोजणारी बाई.

"जा, बस जागेवर," मी सोनालीला म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही. म्हणजे चुकलं, पण ते माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांकडे गेले. "आफ्रिकेचा धडा मला पुन्हा शिकवायचाय. आठवीला, नववीला, दहावीला."

हेडसर वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा जीव वेळापत्रकात होता. "बाई, आफ्रिकेचा पोर्शन कधीच संपला. उलट तुमचे दोन तास मी गणिताला देणार होतो."

माझे तास मागायची त्यांना सवय होती आणि द्यायची मला. त्या दिवशी मी पहिल्यांदा नाही म्हणाले. "तास मिळणार नाहीत सर. आणि आफ्रिका मी प्रार्थनेच्या आधी शिकवीन, सकाळी साडेनऊला. ज्यांना यायचं ते येतील."

पहिल्या सकाळी अकरा मुलं आली. सोनाली पहिल्या बाकावर होती.

पण शिकवायचं काय? टिपण फाडलं होतं आणि हातात दुसरं काही नव्हतं. मग मी विद्यार्थ्यासारखी हिंडले. नगरच्या वाचनालयात बसले. राहुरीला एक निवृत्त पीकशास्त्रज्ञ राहतात, त्यांच्याकडे एसटीनं गेले. त्यांना म्हटलं, आफ्रिका आणि आमचं गाव यांचा काही संबंध असला तर सांगा, म्हणजे मुलांना धागा मिळेल. ते म्हणाले, "सकाळी काय खाऊन निघालात?"

"भाकरी."

"कशाची?"

"बाजरीची."

"झालं की मग," ते हसले. "बाजरी मूळची आफ्रिकेतली. ज्वारीही. नाचणीही. तिथल्या शेतकऱ्यांनी रानगवतातून निवडून निवडून ती धान्यं घडवली आणि हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. तुमच्या जिल्ह्यानं आजवर जे खाल्लं, ते त्यांनी पिकवायला शिकवलेलं."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. दोन्ही बाजूंनी ज्वारीची रानं मागं पळत होती.

दुसऱ्या दिवशी मुलांना घरातलं मूठमूठ धान्य आणायला सांगितलं. ज्वारी आली, बाजरी आली. एकीचे मामा डोंगरातल्या अकोले तालुक्यातले होते, तिनं नाचणी आणली. "हे कुठून आलं?" मी विचारलं. "आमच्या रानातून," सगळे एका सुरात. "त्याच्या आधी?" "दुकानातून, बियान्याच्या." "त्याच्याही आधी?" मग आम्ही नकाशा उघडला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बाई म्हणतात भाकरी आपली नव्हं. दोन दिवसांनी सोनालीचे वडील, पोपटराव, आणखी चार माणसं घेऊन आले. पोपटराव दूध संकलन केंद्र चालवायचे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"बाई, आमची बाजरी आमच्या बापजाद्यांची हाय. पोरास्नी काय बी सांगू नका."

"बापजाद्यांचीच आहे पोपटराव. त्यांनी ती इथल्या मातीत रुजवली, हे खोटं नाही. पण बियाणं तिकडून आलं, हेही खोटं नाही. आणि मिरची तर परवा परवा आली, अमेरिका खंडातून."

पोपटराव मागच्या माणसांकडे वळले. "घ्या! आता मिरची बी चालली!"

सगळे हसले, मीही हसले. पण ते थांबले नाहीत. शाळा समितीकडे तक्रार गेली. अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवतात, मुलांच्या मनात भलतंच भरवतात. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. समितीचे दोघे खुर्च्यांवर बसले होते.

मी कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला. "बाजरी कुठून आली हे मुलांना सांगायचं नाही, असं यावर लिहून सही करा. मी उद्यापासून बंद करते."

दोघांनी कागद उलटून पाहिला. मग समितीतले एक जण म्हणाले, "चालू द्या बाई. तसंही सकाळीच घेताय ना?"

कागद मी परत घेतला.

त्यानंतर आम्ही इतिहासाकडे वळलो. नगरच्या निजामशाहीचा तो कर्तबगार वजीर आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक असतो. त्याची जमीन मोजणी आणि सारापद्धत हा हमखास येणारा प्रश्न. पुस्तकात त्याच्या नावापुढे 'हबशी' असं लिहिलेलं असतं. "हबशी म्हणजे काय?" मी विचारलं. कुणी म्हणालं शूर, कुणी म्हणालं आडनाव. इतकी वर्षं मीही तो शब्द ओलांडून पुढे जात आले होते. हबशी म्हणजे हबसाणातला, आणि हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा समुद्र ओलांडून आला आणि आमच्या नगरच्या राज्याचा कारभारी झाला.

सोनाली हळूच म्हणाली, "म्हंजी बाई, आल्माझबाई त्यांच्याच मुलखाच्या."

"हो."

ती खाली मान घालून बसली. तास संपल्यावर माझ्याजवळ आली. "बाई, मला त्यास्नी पत्र लिव्हायचंय."

पत्र तिनं मराठीत लिहिलं. 'मी विचारलं ते वाईट होतं. मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पण तुमच्याकडे परत येऊन कुंकू लावता येत नाही.' मी त्यातला शब्दही बदलला नाही. खाली माझी एक ओळ जोडली: 'प्रश्न तिचा होता, पण उत्तर मी चोवीस वर्षं चुकीचं शिकवत होते.' इंग्रजीच्या सरांनी भाषांतर केलं, शिंद्यांनी ते ईमेलनं पाठवलं.

एक महिना गेला, दोन गेले. सोनाली रोज विचारायची, नंतर विचारेनाशी झाली. सकाळचा तास मात्र चालू राहिला. अकराची तीस मुलं झाली होती.

चौथ्या महिन्यात शिंदे मोटारसायकलवरून आले, हातात छापून आणलेले दोन कागद. मी म्हटलं, वर्गातच वाचा. पहिल्या कागदावर आल्माझबाईंच्या हातची त्यांची लिपी होती. प्रत्येक अक्षराची सात रूपं, आणि कडेला त्यांचे उच्चार. शिंदे वाचू लागले, "ह, हु, ही, हा, हे..." आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बाई, ही तर बाराखडी!"

"बारा कुठं? सातच हायेत," दुसरीनं मोजून सांगितलं. मग सगळ्या वर्गानं ती सातखडी म्हटली. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

दुसरा कागद पत्राचा होता. शिंद्यांनी चार ओळी मराठी करून सांगितल्या आणि अडखळले. माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे वाचू का?"

"वाचा."

त्यांनी घसा साफ केला. "त्या लिहितात, 'मला तुमची भाषा येत नाही, पण ते हसणं मला कळलं होतं. त्या मुलीपेक्षा मला दुभाष्याचा जास्त राग आला, कारण ती खरं बोलली आणि तो खोटं बोलला.'" शिंद्यांचे कान लाल झाले होते. पण त्यांनी एकही शब्द गाळला नाही. मुलांकडे पाहून म्हणाले, "खरं आहे. मी खोटं बोललो होतो." त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

पुढचं माझ्यासाठी होतं. 'मी उत्तर देणार नव्हते. बाईंच्या ओळीमुळे देते आहे. आमच्या भागात मी दहा वर्षं शेतकऱ्यांना बांध चुकीच्या उतारावर घालायला सांगत होते. चूक कळली तेव्हा नुसतं पुढच्यांना बरोबर सांगून भागलं नाही. ज्यांना चुकीचं सांगितलं होतं, त्यांच्याकडे मी पुन्हा गावोगाव गेले. तुम्हीही जा.'

तुम्हीही जा! चोवीस वर्षांची मुलं. कुणी पुण्यात, कुणी चाकणला, कुणी लग्न होऊन कुठं कुठं. पण काही तर इथंच होती. मी बाजाराच्या दिवशी, स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, जिथं जुना विद्यार्थी दिसेल तिथं त्याला गाठू लागले. लोक म्हणायचे, बाईंचं काहीतरी बिघडलंय. "बाई, आता काय पुन्यांदा परीक्षा हाय का?" एकीनं पेरू विकता विकता विचारलं. मी उभ्या उभ्या तिला दहा मिनिटांत सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दोन पेरू बळेच पिशवीत घातले.

मग बापू भेटला. स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रंगानं सावळ्याहून सावळा, अबोल मुलगा. सोनालीच्या कितीतरी आधीचा. त्यालाही मी सुरुवात केली. तो स्क्रूड्रायव्हर हातात धरून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, वर्गात मला काय म्हनायचे, आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं.

"आफ्रिका. पाच वर्सं. 'ए आफ्रिका, इकडं ये.' बापू कुनी म्हनलंच न्हाई." तो थांबला. "एकदा तुमी बी म्हनल्या हुत्या. 'आफ्रिका, फळा पूस.' सगळे लई हसले हुते."

मला तेव्हा आठवलं. मीही हसले होते.

"चुकलं माझं, बापू," मी म्हणाले. तो 'असू द्या' म्हणाला नाही. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून एवढंच म्हणाला, "चहा घ्या." मी चहा घेतला. तो किती अवघड गेला, ते लिहिता येणार नाही.

सोनाली पुढे नर्सिंग शिकायला नगरला गेली. मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निरोप समारंभाला जुने विद्यार्थी खूप आले. हॉल भरला, बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, मग माझी पाळी आली. मी माईक बाजूला सारला आणि जगाचा नकाशा टांगायला सांगितला.

"मी भाषण करणार नाही. तास घेणार आहे. आफ्रिका खंड. जे तुम्हाला मी सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. ते खोडा आणि हे लिहून घ्या."

आधी लोक हसले. मग त्यांना कळलं, की बाई गंमत करत नाहीत. कुणी मोबाईल काढला, कुणी निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू. पोपटरावांनी शेजारच्याकडून पेन मागून घेतलं. मी धान्यापासून सुरुवात केली, मग वजीर, मग लिपी. नवे हेडसर दारातून खुणेनं सांगत होते, की जेवणं खोळंबलीत. मी त्यांना खुणेनंच बसायला सांगितलं.

अर्ध्या तासानं मी म्हणाले, "आमच्या वर्गात एका मुलाला आफ्रिका म्हणून चिडवायचे. मीही एकदा म्हणाले. त्या शब्दाची शिवी आम्ही केली. शिकवायचं काम माझं होतं, म्हणून मोठी चूक माझी."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बापू उभा होता. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण त्याच्या वर्गातल्यांनी माना खाली घातल्या होत्या.

"बाई, एक शंका हाय."

"विचार, बापू."

"इथिओपियात पाऊस कवा पडतो?"

"बहुतेक भागात जून ते सप्टेंबर."

"म्हंजी आपल्यावानीच."

"आपल्यासारखाच. आणि कधीकधी दगा देतो, तोही आपल्यासारखाच."

त्यानं मान हलवली, हातातल्या पत्रिकेवर काहीतरी लिहून घेतलं आणि खाली बसला. "आणखी कुणाला शंका?" मी विचारलं. सात-आठ हात वर गेले. मी पदर खोचला आणि पहिल्या हाताकडे वळले.